कावेरीचा कुबड्या महाशीर

बंगळूर शहर कावेरीच्या काठी वसलेले नाही. तरीही 1974 सालापासून ते कावेरीचे पाणी पीत आले आहे. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून हे पाणी वर चढवून शहरात आणावे लागते. याच नदीच्या खोऱ्यात कुबड्या महाशीर राहतो. नारिंगी परांच्या व उंच पाठीच्या या माशाला जगात दुसरे घर नाही. 1946 साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागलेला महाशीर 120 पौंड भरला होता.

एवढ्या देहाला प्राणवायू विपुल लागतो, आणि तो खडकांवर आपटत, फेसाळत जाणाऱ्या थंड पाण्यात मिळतो. उन्हाळ्यात नदी रोडावली म्हणजे हा मासा खोल डोहांचा आश्रय घेतो. पावसाळ्यात पूर येताच महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि स्वच्छ, खडेरी तळावर अंडी घालतात. पिले उथळ, दगडाळ काठाने वाढतात. म्हणजे डोह, खळाळ व खडेरी तळ या तिन्ही जागा मिळून त्यांचे एक घर होते, आणि त्या जोडणारी वाट मोकळी असावी लागते. धरणे ही वाट अडवितात. वाळूचा उपसा तळच उचलून नेतो. सुरुंगाचे स्फोट डोहातील लहानथोर सारेच मासे मारतात. बंगळूरचे सांडपाणीही वृषभावती व अर्कावती या नद्यांवाटे अखेर कावेरीस मिळते.

एक संकट मात्र सद्हेतूने आले. पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीराचे वर्णन साइक्स यांनी 1839 साली केले होते. त्या जातीचे मत्स्यबीज लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात तयार होऊ लागले, आणि महाशीर वाढावेत म्हणून ते कावेरीतही सोडण्यात आले. पाहुणा फोफावला, यजमान मागे पडला. 1998 ते 2012 या काळातील गळकऱ्यांच्या नोंदींत हा पालट स्पष्ट दिसतो.

नवल असे की, एवढ्या प्रसिद्ध माशाची शास्त्रीय ओळख 2018 साली निश्चित झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. आता मोयार नदीसारख्या मोजक्या ठिकाणीच त्याचा आधार उरला आहे. परक्या नदीचे बी टाकून नदी समृद्ध होत नाही. तिचे डोह, तिचे खडे आणि तिचा पूर तिच्याजवळ राहू द्यावे, म्हणजे तिचा मासाही तिच्याजवळ राहील.