कुलूप उघडायला शिकवलं की चोर तयार होतात?

पीएम विश्वकर्मा योजनेतल्या कुलूप-कारागिरांच्या प्रशिक्षणाचा विषय काढला, की खामगावच्या सराफ्यापासून मेहकरच्या एसटी स्टँडपर्यंत एक प्रश्न ठरलेला: "म्हणजे सरकारच चोरांना शिकवणार का?" विचारणारे चांगले शिकलेसवरलेले असतात, याचं जास्त वाईट वाटतं.

घरफोडीची कुठलीही बातमी वाचा. 'कडी-कोयंडा तोडून', 'खिडकीचे गज वाकवून' हेच शब्द सापडतील. चोराला घाई असते, तो टॉमी घालून कोयंडा उचकटतो. कारागिराचं काम सबुरीचं. किल्ली हरवलेल्या लिव्हरच्या कुलपासाठी तो कोरी किल्ली दिव्यावर धरून काजळी चढवतो, कुलपात घालून हलकेच पिळतो, बाहेर काढून उजेडात बघतो. लिव्हर टेकली तिथली काजळी पुसून धातू चमकतो. तेवढ्याच जागी कानशीचे एकदोन हात, मग पुन्हा काजळी. प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलली गेली तरच कुलूप उघडतं. केसभर जास्त घासलं, तर किल्ली वाया.

ही भीती जुनीच आहे. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने ब्रामा कंपनीचं अभेद्य मानलेलं कुलूप उघडलं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तेव्हाही आरडाओरड झाली. हॉब्जचं म्हणणं होतं, चोरांना त्यांचा धंदा आपल्याहून चांगला कळतो; अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा.

आता योजनेकडे बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूप-कारागीर आहे. सीएससी केंद्रात आधारवर नोंदणी, मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची पडताळणी, ओळखपत्र, बँक खातं. ज्याचा ठसा आणि पत्ता सरकारदरबारी आहे, त्याच्यावरच संशय घ्यायचा, हा अन्याय आहे.

'पाच दिवसांत तिजोरी फोडायला शिकतात' हेही खोटं. प्राथमिक प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं. रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तिजोरीचं काम वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली शिकावं लागतं. चांगल्या तिजोरीत रिलॉकर असतो. कुलूप ठोकून आत ढकललं, की जादा खटके पडून दार आणखी घट्ट बसतं. गॅस कटर लावला तर आतल्या नोटा करपतात. जाणकार नेमक्या जागी बारीक छिद्र पाडून दार उघडतो आणि नंतर ते पोलादाने बुजवतो.

आणखी एक गैरसमज: 'ही योजना ठरावीक जातींसाठी आहे.' नाही. वय १८ पूर्ण असलेला, हाताने हा व्यवसाय करणारा कारागीर अर्ज करू शकतो. मात्र लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि सरकारी नोकर व त्यांच्या कुटुंबीयांना नाही.

योजनेबाहेरचा, पण कुलपांबद्दलचाच एक गैरसमज: 'बँकेकडे आपल्या लॉकरची दुसरी किल्ली असते.' बँकेची किल्ली वेगळी. लॉकर उघडायला तिची आणि तुमची अशा दोन्ही लागतात. तुमची हरवली तर कुलूप उघडण्याचा, बदलण्याचा खर्च बँक तुमच्याकडून घेऊ शकते.

धाक बाळगायचाच असेल, तर साबणावरच्या ठशावरून, कुणाची किल्ली हे न विचारता दुसरी करून देणाऱ्याचा बाळगा. प्रशिक्षणात कानशीसोबत एक वहीही द्यावी: गिऱ्हाईकाचं नाव, ओळखपत्र, कुलूप कुठलं, तारीख, सही.