चंद्रावरचे कोरडे समुद्र
ज्या काळ्या डागांवरून चंद्राला ‘शशांक’ म्हणतात, ते प्राचीन लाव्हाने भरलेले सपाट प्रदेश आहेत. जुन्या निरीक्षकांना तिथे पाणी भासले, म्हणून लॅटिनमध्ये ‘मारे’, म्हणजे समुद्र. आजची बरीच नावे इटलीतील रिचोली यांच्या १६५१च्या ग्रंथातली. चंद्राचा संबंध तेव्हा हवामानाशी जोडला जाई. त्यामुळे ‘मारे इम्ब्रियम’ पावसाचा, ‘मारे न्युबियम’ ढगांचा समुद्र. ‘मारे ट्रँक्विलिटॅटिस’ या शांततेच्या समुद्रात १९६९ साली माणूस उतरला. तिथून आणलेल्या खडकांत बेसाल्ट निघाला. दख्खनच्या पठारावरील शिरूर अनंतपाळच्या शिवारात विहीर खणताना लागणारा काळा पाषाणही बेसाल्टच, पण वयाने फार लहान. चंद्रावरचा तो साडेतीन अब्ज वर्षांहून जुना, दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा.