ताप आणि सुजलेला पाय : प्रत्येक वेळी लचकच नसते

रक्ताची गुठळी म्हटले की हृदयविकार किंवा पक्षाघात आठवतो आणि तोही मोठ्या माणसांचा. मात्र गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या मुलांच्या शिरांतही गुठळी होऊ शकते. हे क्वचित घडते. पण ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेतते.

यामागे बऱ्याचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. अनेकांच्या नाकात व त्वचेवर तो काही त्रास न देता राहतो. गळू किंवा खरचटलेल्या जागेतून तो रक्तात शिरू शकतो. मुलांच्या वाढत्या हाडांच्या टोकांशी रक्तप्रवाह संथ असतो. तेथे जंतू रुजतो आणि पू होतो. गुडघ्याजवळची हाडे यात जास्त सापडतात.

हा जंतू रक्त गोठवणारे कोअॅग्युलेज नावाचे द्रव्य तयार करतो. त्यातच शेजारच्या शिरेला सूज येते आणि दुखणारा पाय मूल हलवत नाही. या तिन्हींमुळे गुठळी होते. तिचे जंतूंनी भरलेले तुकडे फुप्फुसात पोहोचले, तर खोकला, छातीत दुखणे आणि धाप सुरू होते.

नांदेड-लातूरकडे खेळताना मुले पडतातच. त्यामुळे पाय दुखला की लचक समजून तेल लावून चोळले जाते. ताप असताना पाय चोळू नये. किनवट, मुखेड किंवा निलंग्याच्या खेड्यातून मोठे रुग्णालय दूर पडते, म्हणून घरी वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. सुरुवातीचे 10 ते 14 दिवस एक्स-रेमध्ये हाडाचा संसर्ग दिसेलच असे नाही. रक्ततपासणी, एमआरआय आणि शिरांची डॉप्लर सोनोग्राफी यांतून निदान होते.

शिरेतून प्रतिजैविके, गरजेप्रमाणे शस्त्रक्रियेने पू काढणे आणि गुठळी वाढू नये म्हणून वजनानुसार हेपॅरिन, असे उपचार असतात. ते काही आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच सोडू नये.

नाकावरचा किंवा वरच्या ओठावरचा फोड पिळू नये. वाहत्या कानासोबत ताप, तीव्र डोकेदुखी व उलट्या असतील तर थांबू नये. या दोन्हींत मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो.

ताप असलेले मूल पाय टेकत नसेल किंवा एकच पाय सुजत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली असेल, तर लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.