ढालीवरचे कुळ आणि संविधानाचे पान

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. रात्रीत छापून येतात, पंधरा दिवसांत फाटतात. त्यावरचे अक्षर कोणी काढले, धम्मचक्राच्या आऱ्या बरोबर आहेत का, हे कोणी पाहत नाही. म्हणूनच हाताने अक्षर लिहिणाऱ्या, चिन्ह रंगवणाऱ्या आणि पान सजवणाऱ्या कलावंतांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

या तीन जुन्या कला आहेत: कुलचिन्हकला, सुलेखन आणि पानांची सुवर्णसजावट.

कुलचिन्हकला युरोपातली. चिलखतात झाकलेला सरदार ओळखू यावा म्हणून ढालीवर चिन्ह रंगवत. पुढे ते बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागले. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून हे काम पाहते. चिन्हाचे वर्णन आधी ठरावीक शब्दांत लिहिले जाते, मग चित्रकार त्यावरून ते हाताने रंगवतो. 2023 मध्ये राजा चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमंत्रणपत्रिकेचे मूळ चित्र अँड्र्यू जेमीसन या कुलचिन्ह-चित्रकाराने जलरंगात हाताने काढले होते.

सुलेखन आणि सुवर्णसजावटीचे आजचे मोठे उदाहरण म्हणजे डोनाल्ड जॅक्सन. अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका ख्रिस्ती मठाने 1998 मध्ये त्यांच्याकडे हस्तलिखित बायबलचे काम सोपवले. वेल्समध्ये जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या कातड्यावर, पक्ष्यांच्या पिसांच्या लेखणीने सुमारे 1150 पाने लिहिली. काम 2011 मध्ये पूर्ण झाले. सोने चढवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी खळीसारखा लेप देऊन तो वाळवायचा. मग नळीतून त्यावर तोंडाची वाफ सोडायची. लेप ओलसर झाला की सोन्याचा वर्ख बसवून घोटायचा. श्वास कमी पडला तर वर्ख धरत नाही.

यात आपले काय, असे कोणी विचारेल. आपले बरेच आहे. पाल राजांच्या काळात नालंदा आणि आसपासच्या विहारांत प्रज्ञापारमितेच्या ताडपत्री पोथ्या लिहून त्यांत चित्रे रंगवली जात. ग्रंथ लिहून काढणे हे धम्माचे काम मानले जाई. ही आपल्या पूर्वजांची कला आहे.

दुसरे नाते अधिक जवळचे आहे. बाबासाहेबांनी ज्याचा मसुदा घडवला त्या संविधानाची मूळ प्रत छापलेल्या खिळ्यांची नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती इंग्रजीत हाताने लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी पाने सजवली. त्यांत बुद्ध आहेत, धम्माचा प्रसार करणारा अशोक आहे, नालंदाही आहे. सारनाथचे सिंह दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याने रेखाटले. खरे सिंह कसे बसतात, कसे पाहतात, हे समजण्यासाठी तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असे.

आता फरक पाहा. युरोपात चिन्ह आधी कुळाचे होते. कोण कोणाच्या पोटी जन्मला, हे ते सांगे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था आपल्याला नवी नाही. आपल्या राज्यघटनेने लेखणी, रंग आणि सोने ही तीच साधने घेतली, पण चिन्ह कोणत्याही घराण्याचे ठेवले नाही. 26 जानेवारी 1950 रोजी भिक्खूंच्या भूमीतला अशोकस्तंभ साऱ्या नागरिकांचा झाला. त्याच संविधानाच्या अनुच्छेद 18 ने किताब देण्याची प्रथाही बंद केली. कला तीच, पण ती कोणाच्या सेवेत आहे यावर तिचा अर्थ ठरतो.

म्हणून जॅक्सन किंवा जेमीसन यांचे हात पाहताना आम्हाला राजघराण्याचे कौतुक वाटत नाही. कौतुक वाटते ते त्यांच्या चिकाटीचे. ती चिकाटी आपण आपल्या मजकुरासाठी का वापरू नये?

तरुण कार्यकर्त्यांना आमचे तीन आग्रह आहेत. राजमुद्रा मंडळाच्या बॅनरवर किंवा लेटरहेडवर छापू नका. तिच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. वस्तीत एखादा जुना पेंटर असेल तर त्याच्याकडून चार मुलांना अक्षर शिकू द्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. आणि येत्या 26 नोव्हेंबरला विहारात उद्देशिका नुसती वाचू नका, बोरू घेऊन प्रत्येकाने एक ओळ लिहा. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द स्वतःच्या हाताने लिहिताना घाई करता येत नाही. त्या संथपणात माणूस वाचतोही आणि समजूनही घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!