होंडा रिजलाइन: पिकअप की कार?

पिकअप म्हटलं की जाड लोखंडी चॅसी आणि तिच्यावर बसवलेली वेगळी बॉडी. भारतात मिळणारी टोयोटा हायलक्स तशीच आहे. पण २००५ मध्ये अमेरिकेत आलेल्या होंडा रिजलाइनची बॉडी आणि चॅसी कारसारखी एकसंध असते.

फायदा काय? मागच्या चाकांनाही स्वतंत्र सस्पेन्शन, त्यामुळे खड्ड्यात दणके कमी बसतात. शिवाय हौद्याच्या तळाखाली लॉक होणारी डिकी मिळते.

तोटा? ती सुमारे २,२७० किलोपर्यंतचाच ट्रेलर ओढते. टोयोटा टॅकोमाची काही मॉडेल्स २,९०० किलोच्या आसपास. लो-रेंज गिअरही नाही, म्हणून खडकाळ चढावर ती मागे पडते.

थोडक्यात, रोजचं ऑफिस आणि अधूनमधून सामान असेल तर रिजलाइन मस्त. रोज जड ट्रेलर ओढायचा असेल तर चॅसीवालीच बरी.