थोड्या पैशांत बिदरीचा संग्रह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिदरी म्हटलं की संग्रहालयातल्या काचेआडचा हुक्का किंवा नबाबी पानदान डोळ्यांसमोर येतं. बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात, या कलेच्या अंगणात राहणाऱ्या मराठी माणसालाही हा श्रीमंतांचा शौक वाटतो. प्रत्यक्षात खिशात मावतील अशा चार-पाच वस्तूंपासून चांगला संग्रह सुरू करता येतो. त्याआधी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: चांदी भरपूर असते, म्हणून बिदरी महाग.

वस्तुस्थिती: वस्तूचं अंग जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचं असतं, सर्वसाधारणपणे सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. चांदी येते ती नक्षीपुरती, बारीक तार किंवा पातळ पत्रा म्हणून. पैसे मुख्यतः मेहनतीचे असतात. मातीच्या साच्यात ओतकाम होतं, कानशीने पृष्ठभाग गुळगुळीत केला जातो, मोरचूद लावून तो तात्पुरता काळा केला जातो. मग हातानेच नक्षी रेखून ती छिन्नीने कोरतात आणि त्या खाचेत चांदी ठोकून बसवतात. लहान डबी, गुंडी किंवा कीचेनही याच वाटेने घडते. म्हणून मोठ्या सुरईसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवण्यापेक्षा नीट घडलेली छोटी वस्तू आज घ्यावी.

गैरसमज: काळेपणा म्हणजे वरून दिलेला रंग.

वस्तुस्थिती: ही रासायनिक क्रिया आहे. बिदर किल्ल्यातल्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती कारागीर वापरतात. तिच्यात नायट्रेटचे क्षार असतात. ती माती आणि नवसागर पाण्यात कालवून गरम वस्तूवर लावली की जस्ताचं मिश्रण काळं पडतं, चांदी मात्र उजळ राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळा रंग खुलतो. रंग फासलेल्या नकलेचे मात्र पोपडे निघतात. खरेदी करताना वस्तू उलटी करून तळ आणि कडा पाहाव्यात, हातात तोलून पाहावी. जस्त ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जड असतं. फारच हलकी वस्तू लागली तर चौकशी करावी.

गैरसमज: जुनी तीच खरी, आणि ती बिदरचीच.

वस्तुस्थिती: बिदरी काम हैदराबाद, लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबादलाही होत असे. जुन्या वस्तूचं गाव आणि वय ओळखायला जाणकार नजर लागते, आणि नवशिक्याचे पैसे बुडतात ते इथेच. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनं पाहायचं तर हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आहे. विकत घ्यावं ते नवं. बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही कला आजही जिवंत आहे.

गैरसमज: बिदरीची सुरी म्हणजे कापायची सुरी.

वस्तुस्थिती: जस्त मऊ, त्याला धार टिकत नाही. म्हणून बिदरीची सुरी पाकिटं उघडण्यासाठी असते आणि छोट्या संग्रहात ती शोभते. जुन्या तलवारींची मूठ बिदरी असली, तरी पातं पोलादाचंच असे. अशी हत्यारं मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती किंवा उद्योगाच्या उपयोगाची अवजारं वगळता ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो.

गैरसमज: वस्तू जितक्या जास्त, तितका संग्रह मोठा.

वस्तुस्थिती: प्रकारागणिक एक वस्तू पुरते. तारकशीत तार बसवतात, तहनिशानमध्ये पत्र्याचे तुकडे, तर आफताबीत चांदीच्या पत्र्यातून नक्षी कापून काढतात, म्हणजे फुलं काळी आणि भोवतालची जमीन चांदीची दिसते. तिन्हींचा एकेक नमुना शेजारी ठेवला की कारागिरीतला फरक आपोआप कळतो.

गैरसमज: चिंच-लिंबाने घासली की बिदरी उजळते.

वस्तुस्थिती: आंबट पदार्थ जस्त खातात आणि काळा थर बिघडवतात. म्हणूनच बिदरीच्या भांड्यात लोणचं, दही, चटणी ठेवू नये. मऊ कापडाने पुसून खोबरेलाचा हलका हात फिरवावा. मिश्रण ठिसूळ असल्याने वस्तू दगडी फरशीवर आपटली तर तडकते. तिची जागा भक्कम फळीवर असावी.

२०१७ पासून कलबुर्गी-बिदर रेल्वेमार्ग सुरू आहे. बिदरला उतरून चौबारा या जुन्या मनोऱ्याजवळच्या गल्ल्यांमध्ये काम चालू असताना पाहता येतं आणि कारागिराकडून थेट वस्तू घेता येते. कोणत्या प्रकारचं काम आहे आणि चांदी किती वापरली आहे, हे त्यालाच विचारावं, पावती घ्यावी आणि हाताच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.