धडक दुसऱ्याची, मग भाड्याच्या गाडीचा खर्च कुणाचा?

मैत्रिणींनो, गटाचा माल नेणारी गाडी रस्त्याकडेला उभी असताना मागून कुणी ठोकली, तर पहिलं बोलणं होतं ते पत्र्याचं. बंपर किती, लाइट किती. पण खरा खड्डा पडतो तो पुढच्या पंधरा दिवसांत. गाडी गॅरेजला आणि पापड-मसाल्याची ऑर्डर तर पोचवायचीच. मग दुसऱ्याची पिकअप भाड्याने आणावी लागते. ते भाडं कुणी द्यायचं?

आपली विमा कंपनी देईल असं पुष्कळजणी धरून चालतात. तसं नाही. नेहमीच्या फुल विम्यात दुरुस्ती मिळते, पण गाडी बंद राहिल्यामुळे झालेला खर्च त्यात धरत नाहीत. दैनिक भत्त्याचं जादा कव्हर पैसे भरून घेतलं असेल तरच रोजचे ठरावीक पैसे मिळतात. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या दुरुस्तीलाही काही नाही.

चूक समोरच्याची असेल तर नुकसानभरपाई त्याच्याकडून मागता येते आणि भाड्याचा खर्चही त्यात मांडता येतो. मात्र त्याची विमा कंपनी सहसा आपण होऊन पैसे देत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे, तेव्हा 'दिवाळी झाली की बघू' करू नका.

भाडं किती मंजूर होईल ते पुराव्यावर ठरतं, आणि आपण इथेच कमी पडतो. भाडं रोख दिलं, चिठ्ठी घेतली नाही, मग काय दाखवणार? पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठे, रक्कम आणि सही हवी. पैसे शक्यतो खात्यातून किंवा फोनवरून द्या. गॅरेजवाल्याकडून गाडी कधी आली, कधी तयार झाली हे लिहून घ्या. गाडी तयार होऊनही आपण आठ दिवस नेली नाही, तर त्या दिवसांचं भाडं कोण देणार? पिकअपचं काम असताना मोठा टेम्पो आणला, तर वरचा खर्चही आपल्याच अंगावर. आणि भाड्याची गाडी पिवळ्या नंबर प्लेटचीच घ्या.

हिशेबही खरा मांडा. समजा गाडी १२ दिवस बंद होती आणि तेवढ्यात बाजाराच्या ५ फेऱ्या झाल्या. डिझेलसकट फेरीला १,८०० रुपये, म्हणजे ९,००० झाले. पण आपली गाडी असती तरी फेरीला ५०० चं डिझेल लागलंच असतं. ते २,५०० वजा करून ६,५०० मागा. फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही.

सगळ्यात जपायचं ते जागेवरच्या तडजोडीला. चार माणसं जमतात, 'ताई, पाच हजार घ्या, मिटवून टाका' म्हणतात. घेऊ नये असं नाही, किरकोळ खरचटलं असेल तर तेच शहाणपणाचं. पण 'आता काही मागणं नाही' अशा कागदावर सही केली, की पुढे भाड्याचं मागणं अवघड. गॅरेजचा अंदाज येईपर्यंत सही नको. त्याआधी दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढा, पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्या, आणि फुल विमा असेल तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. त्या विम्यातून दुरुस्ती घेतली तर पुढच्या हप्त्यातली नो क्लेम बोनसची सूट जाते. चूक आपली नसली तरी जाते, हे मला पटत नाही, पण नियम तसा आहे. दुरुस्तीचे पैसे मात्र दोन्हीकडून घेता येत नाहीत.

वकिलाची धास्ती नको. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन लावा. गाडी गट चालवत असला तरी अर्ज आरसी बुकावर नाव असलेल्या ताईंनीच करायचा. भाडं गटाने भरलं असेल, तर तसा ठराव बैठकीच्या वहीत त्याच आठवड्यात लिहून ठेवा.